बाभळीवर कोयत्याची धार

आमच्या अम्मींचा एक स्वभाव हाय. "हे तुमच्यानं व्हायचं न्हाय" असं कुणी म्हणायचा अवकाश, त्या पदर खोचून तेच करायला बसतात. मी लग्न होऊन इंदापुरात आली त्याला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत मी एवढं शिकली, की हे वाक्य त्यांच्यासमोर तोंडातनं काढायचं न्हाय. पण शेळगावच्या रणजितला कुठलं ठावं असायला! तो बोलून मोकळा झाला आन निस्तरायला मी.

अम्मी म्हणजे माझ्या सासूबाई, कमरजहाँ शिकलगार. धार लावणं हा आमचा घरचा धंदा. सासरे सायकलला चाक बांधून गावोगाव फिरायचे. ते गेल्यावर अम्मींनी चाकाला मोटर बसवली, अंगणात पत्र्याची शेड टाकली, आन आता गावं त्यांच्याकडं येतात. गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधी तर ऊसतोडीच्या कोयत्यांचा ढीग आमच्या दारात गुडघ्याएवढा असतो. बाकीच्या दिवसांत खाटकाच्या सुऱ्या, शिंप्याच्या कात्र्या, सुतारांच्या पटाशा. धार झाली की अम्मी पातं अंगठ्याच्या नखावर टेकवून बघतात. घसरलं तर परत चाकावर, रुतलं तर गिऱ्हाइकाच्या हातात.

आन गुर्मी म्हणाल तर विचारूच नका. "धार माझी हाय, मग लाकूड कुणाचं का असंना," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सुताराला सुतारकाम सांगतील, खाटकाला बकरं सोलायला शिकवतील. मी कपाळाला हात लावून चहा टाकायला आत जाती.

शेळगावचे दत्तोबा सुतार हे त्यांचं तीस वर्षांचं गिऱ्हाईक. सगळे त्यांना तात्या म्हणतात. पंचाहत्तरी गाठलेला माणूस. लेथवर लाकूड फिरवून अखंड काठवट कातणारा आमच्या भागात त्यांच्याशिवाय दुसरा मला तरी ठावं न्हाय. स्टीलच्या परातीत भाकरी थापणाऱ्या पोरींना काय सांगू, परातीत पीठ हिकडं दाबलं की तिकडं पळतं. काठवटीत भाकरी कशी गुमान गोल फिरती. आमच्या घरातली काठवटबी तात्यांच्याच हातची.

तात्यांच्या पटाशा महिन्याला एकदा धारंला यायच्या. गेल्या वर्षी त्या यायच्या बंद झाल्या. चार महिने गेले, आठ महिने गेले, तशा अम्मींचा जीव खालीवर व्हायला लागला. दिवाळी सरल्यावर एक दिवस म्हणाल्या, "साजिया, चल. म्हातारं हाय का न्हाय ते तरी बघून येऊ."

म्हातारं होतं. ओट्यावर बसून उन्हं घेत होतं. पण शेडमधी बघितलं तर लेथवर गोणपाट टाकलेलं, आन त्यांचा मुलगा रणजित ठिबकच्या नळ्यांची बंडलं आत रचत होता.

"लेथ भंगारात दिलाय भाभी," रणजित म्हणाला. "तात्यांनीच सांगितलं, विकून टाक. सोमवारी टेम्पो येतोय."

अम्मींनी गोणपाट उचललं. लेथची थाळी, म्हणजे जिच्यावर लाकूड आवळून फिरवतात ती लोखंडी चकती, तिच्यावर त्यांनी हात फिरवला. आन वळून तात्यांना म्हणाल्या, "मला द्या."

रणजित हसला. माणूस वाईट न्हाय हां तो. सहज हसला. "भाभी, धार लावणं निराळं आन काठवट कातणं निराळं. हे तुमच्यानं व्हायचं न्हाय."

झालं! मी मनात म्हणलं, रणजितभाऊ, तुमचं बोलणं झालं, आता आमचं मरण सुरू.

तात्यांनी विचारलं, "कशाला पायजे तुमाला लेथ?"

मला वाटलं, आता अम्मी काहीतरी टेचात बोलणार. पण त्या खाली बघून म्हणाल्या, "तात्या, बारा वर्षांची होती तवापासनं दुसऱ्याच्या हत्याराला धार लावती. माझ्या धारंवर लोकांनी दारं केली, पाळणे केले, रानंच्या रानं ऊस तोडला. माझ्या हातची म्हणून एक वस्तू दुनियेत न्हाय. मी गेल्यावर मागं काय राहणार? चाकाखालची धूळ."

अकरा वर्षांत असलं काही मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मला वाटायचं, या बाईला काही कमी हाय असं तिला कधी वाटतच नसंल.

तात्यांनी कोपऱ्यात पडलेल्या बाभळीच्या ओंडक्याकडं बोट केलं. मधोमध चिरलेला, दोन अर्धी, वर्षभर सावलीत वाळलेली. "ही दोन घेऊन जा. त्यातलं एक सपाट करून सोमवारी आणा. थाळीवर चिकटून बसलं पायजे, मधी उजेड दिसता कामा नये. आन चार बोटांपेक्षा पातळ आणू नका, न्हायतर काठवट न्हाय, ताटली होईल. बसलं, तर लेथ तुमचा. न बसलं, तर टेम्पोचा."

"एवढंच?" अम्मी म्हणाल्या.

"एवढंच कसं? कातायला मी शिकवीन. पण बूड सपाट न करता लाकूड फिरवणारा माणूस लेथवर मरतो. माझा चुलता तसाच गेला, लाकूड सुटलं ते कपाळात. सपाटीला जो आळस करंल त्याला मी लेथ देणार न्हाय."

सोमवारला सहा दिवस होते.

वाळलेल्या बाभळीला हातरंधा मारायचा म्हणजे दगडाला नख लावण्यातला प्रकार. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आमी बारामतीला गेलो. तिथं बादशाहभाईंचं जुन्या मशिनींचं दुकान हाय. ड्रिल, ग्राइंडर, पाण्याच्या मोटरी, सगळ्यांचे सांगाडे छपरापर्यंत. अम्मींनी ढिगातनं एक विजेवरचं रंधा मशीन ओढून काढलं. जुनं, जड, हँडलला चिकटपट्टी गुंडाळलेली.

"एकदम ओके कंडिशन," बादशाहभाई म्हणाले. "एका हाताचं वापरलेलं."

"त्या माणसाचा दुसरा हात यानंच तोडला का?" मी विचारलं.

त्यांनी बटण दाबलं, तसं ते मशीन टेबलावर असं थाडथाड नाचायला लागलं की शेजारचा पान्हा उडून खाली पडला. बादशाहभाईंचं तोंड उतरलं. "थोडं नाचतंय. आधीच्यानंबी म्हणूनच दिलं."

अम्मींनी पिन काढली, मशीन उताणं केलं, आन तळातला ढोल बोटानं हळूच फिरवला. ढोलाला दोन पाती असतात, एकासमोर एक. त्यांनी दोन्हींवरनं नख फिरवलं.

"मशीन नाचत न्हाय," त्या म्हणाल्या. "दोघींचं जमत न्हाय. एक पातं वर चढलंय, सगळं काम तेच करतंय. दुसरं नुसतं बसून खातंय." आन माझ्याकडं बघून वर हसल्या. घ्या! दुकानात सुद्धा सुनेला सोडायचं न्हाय.

सौदा मजेत झाला. बादशाहभाईंकडं गंजलेल्या पटाशा आन गिरमिटांचं एक पोतं होतं, धार नसल्यानं खपत नव्हतं. ते पोतं आमी न्यायचं, सगळ्याला धार लावून द्यायची, आन मशीन आमचं. येताना एसटीत अम्मींच्या मांडीवर मशीन आन पायाशी पोतं. कंडक्टर म्हणाला, "मावशी, वर्कशॉपच घेऊन चाललाय का?" अम्मी म्हणाल्या, "अजून लेथ यायचाय."

घरी आल्यावर त्यांनी दोन्ही पाती काढली आन चाकावर बसल्या. काय धार लावली म्हणून सांगू! पातळ, निळी, खाटकाच्या सुरीसारखी. नखावर टेकवली की नखातच घर करंल. मी म्हणलं, "अम्मी, एवढी कशाला?" तर म्हणाल्या, "तात्यांना कळू दे, कमरजहाँची धार काय असती ते." मी म्हणलं, बरं बाई.

पयल्या दोन फेऱ्या झकास गेल्या. मशीन मांजरासारखं गुरगुरत होतं, कांद्याच्या पापुद्र्यासारख्या ढलप्या उडत होत्या. अम्मींनी माझ्याकडं बघून भुवई उडवली. आन तिसऱ्या फेरीला बाभळीची गाठ आली. खट्ट!

बंद करून बघितलं, तर पात्याची धार तीन ठिकाणी करवतीच्या दातासारखी तुटलेली, आन लाकडावर तीन लांब वरखडे. शहाण्या माणसानं काय केलं असतं? थांबला असता, पाती काढली असती. आमच्या अम्मींनी मशीन परत लावलं. वरखडे काढायला आणखी रंधलं, तर तुटक्या धारंनं नवे वरखडे उठले. ते काढायला आणखी. मी ओरडली, हात जोडले, मशीनची वायर ओढायला निघाली. "हो बाजूला!" म्हणाल्या. अति तिथं माती! उन्हं कलली तवा लाकूड सपाट झालं होतं, पण बोटं लावून बघितली तर अडीच. ताटलीच झाली होती त्याची.

मग मात्र माझी सटकली. "दोनच लाकडं दिली होती त्यांनी! त्यातलं एक तुमच्या हट्टानं खाल्लं. नाचता येईना अंगण वाकडं असं लोकांना म्हणता, आन इथं अंगण चांगलं असून तुमीच…" आणखी पुष्कळ बोलली. अम्मी एक शब्द उलटून बोलल्या न्हायत. ताटावर बसल्या न्हायत, चहा घेतला न्हाय. मग माझंच मला वाईट वाटलं. भांडणारी अम्मी परवडली, पण गप बसलेली अम्मी बघवत न्हाय.

तिसऱ्या दिवशी सकाळी ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई कोयता घेऊन आली. अम्मींनी कोयता हातात घेतला, तशी ती म्हणाली, "भाभी, सुरीवानी पातळ करू नका बरं का. मागं एकानं केली व्हती, पयल्याच बुडख्याला दुमडली."

अम्मींचं चाक थांबलं. त्यांनी कोयत्याकडं बघितलं, मग फाडकन कपाळावर हात मारून घेतला.

"या अल्ला! बारा वर्षांच्या पोरीला कळतं ते मला छप्पन्नाव्या वर्षी कळंना! कोयत्याला कधी सुरीची धार लावतात का? जिथं घाव बसायचा तिथं धारंच्या मागं मांस पायजे. बाभूळ म्हणजे काय मटण हाय?"

"मग तवा कुठं गेली होती ही अक्कल?" मी म्हणलं.

"तात्यांना दाखवायला गेली होती," त्या म्हणाल्या. असं कबूल करणारी अम्मी मी पयल्यांदा बघितली.

त्यांनी पाती परत चाकावर धरली, तुटकी धार मागं घासून काढली, आन नवी धार जाड कोनात लावली. स्वतःच्या हातानं धार जाड करताना त्यांचं तोंड असं झालं होतं, जसा दागिना मोडीत द्यायला बसल्यात. नखावर टेकवली तर रुतली, पण आधीसारखी आत शिरली न्हाय. मग दोन्ही पाती कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेऊन काट्यावर तोलली. एक गुंजभर जड निघालं, ते पाठीकडनं घासलं. दुकानदार म्हणाला, "भाभी, काय चांदी हाय का ही?"

पाती बसवायची रीत त्यांची त्यांनीच काढली. मशीन उताणं ठेवायचं, तळावर सरळ फूटपट्टी धरायची, ढोल हातानं फिरवायचा. पातं पट्टीला चाटून जाताना तिला केसभर ओढतं. जेवढं एकीनं ओढलं तेवढंच दुसरीनं ओढलं पायजे. पट्टी मी धरली होती. अर्धा दिवस गेला, माझी मान धरली, पण शेवटी दोघी सारखं ओढायला लागल्या. बटण दाबल्यावर मशीन जागचं हललं न्हाय.

"आता जमलं दोघींचं," अम्मी म्हणाल्या, आन या वेळी माझ्याकडं बघितलं न्हाय.

शनिवारी दुसरं लाकूड घेतलं. आधी आडवं रंधलं, मग तिरकं, मग उभं. गाठ आली तशी मी डोळे मिटले. मशीनचा आवाज जरा जड झाला आन पुढं गेला. डोळे उघडले तर गाठ साखरेच्या पाकासारखी चकचकीत. माझ्या तोंडातनं "शाब्बास!" निघून गेलं, सासूला म्हणायचा शब्द न्हाय तो, पण गेला.

आता सपाट झालं हे कळणार कसं? डोळ्याला तर सगळंच सपाट दिसतं. अम्मींनी घरभर नजर फिरवली, आन ती माझ्या लग्नातल्या कपाटावर जाऊन थांबली.

"आरसा," त्या म्हणाल्या.

"न्हाय," मी म्हणलं.

"आरशापेक्षा सपाट घरात दुसरं काय हाय?"

माझ्या अब्बांनी दिलेल्या कपाटाचा आरसा स्क्रू काढून अंगणातल्या खाटेवर आडवा झाला. वर माझीच सुरमादाणी आणली. सुरमा तेलात कालवून आरशावर पातळ पुसला, आन त्याच्यावर लाकूड उपडं ठेवून उचललं. लाकडाचा जो भाग उंच, तिथं काळा डाग. तो काढायचा, परत ठेवायचं, परत बघायचं. पयल्यांदा चार डाग होते, मग दहा, मग पंधरा. सगळं लाकूड सारखं काळं झालं की सपाट झालं. संध्याकाळी माझा नवरा सद्दाम एमआयडीसीतनं आला. कपाटाला आरसा न्हाय, बायकोची बोटं काळी, आई लाकडाला सुरमा लावतीय. "उद्या दाढी कशात बघून करू?" एवढंच त्यानं विचारलं. "ठेव वाढवून," अम्मी म्हणाल्या.

रविवारी दुपारी शेवटची फेरी. चार बोटं जाडी बरोबर भरत होती, एक केस जास्त न्हाय. आन त्या शेवटच्या फेरीला, लाकूड संपता संपता मशीनचं नाक खाली गेलं. एका कोपऱ्यावर दोन बोटं रुंद खळगा पडला. खोल म्हणाल तर नखाच्या जाडीएवढा. पण खळगा तो खळगा. परत रंधावं तर चार बोटांची पावणेचार होणार.

अम्मी नुसत्या बघत बसल्या. मग नमाज पढायला आत गेल्या.

आता मी काय केलं ते सांगती. मला या बाईचं ते तोंड बघवलं न्हाय. बाभळीचा भुस्सा घेतला, लाकडाच्या गोंदात मळला, आन तो खळगा भरून टाकला. उन्हात धरला. वाळल्यावर पॉलिश पेपरनं घासला, असा घासला की माझा मलाच सापडंना. आरशावर ठेवून बघितलं, कोपरा काळाभोर. अम्मी बाहेर आल्यावर म्हणलं, "मी जरा घासलं, बसलं बघा." त्यांनी लाकूड उचललं, कोपऱ्यावरनं अंगठा फिरवला आन फडक्यात गुंडाळून ठेवलं. मला वाटलं, सुटलो.

सोमवारी सकाळी शेळगावात पोचलो तर टेम्पो आमच्या आधी येऊन उभा. लेथचे बोल्ट रणजितनं ढिले करून ठेवले होते. दोन हमाल दोर घेऊन तयार.

तात्या उठून शेडमधी आले. लाकडाला आडवी बोटं लावली. "चार." थाळीवर लाकूड ठेवलं, डोळे बारीक करून फटीतनं उजेड बघितला. दिसला न्हाय. मग लाकूड उलटं करून त्या सपाटीवर तळहात ठेवला आन सावकाश फिरवला, मधी, कडंला, एका कोपऱ्यापासनं दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. त्या कोपऱ्यावर हात आला तशी माझी पाचावर धारण बसली. हात पुढं गेला.

"बसलं," तात्या म्हणाले. "रणजित, दोर सोडा म्हणावं. लेथ भाभींचा."

मी फडक्याची घडी घालायला लागली. आन तेवढ्यात अम्मी म्हणाल्या, "थांबा तात्या."

मी त्यांचा पदर ओढला. चांगला जोरात ओढला. काही उपयोग झाला न्हाय.

"ह्या कोपऱ्याला खळगा हाय. वरनं भुस्सा आन गोंद भरलाय."

"मी भरलाय तात्या!" मी ओरडली. "अम्मींना काही ठावं नव्हतं."

"ठावं होतं," अम्मी म्हणाल्या. "अंगठा फिरवला तवाच कळलं. कालपासनं तोंड दाबून बसली होती. येताना गाडीतबी ठरवलं होतं, बोलायचं न्हाय. पण लेथसमोर पयले तुमी उभे राहणार. स्क्रू भुश्श्यात गेला आन लाकूड सुटलं, तर तुमच्या कपाळावर माझी काठवट नको मला. लेथ गेला तर जाऊ दे." शेवटचं बोलताना त्यांचा आवाज फाटला. त्यांनी तोंड फिरवलं.

हमाल दोर धरून तसेच उभे.

तात्यांनी त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. फिरवलं. दुसरं बोट ठेवलं. मग डाव्या हाताचं. "कुठं?" त्यांनी विचारलं.

अम्मींनी त्यांचं बोट धरून त्या जागेवर नेलं. "हितं. ही कड बघा."

"लागत न्हाय."

"ही बघा ना तात्या, हितं."

"लागत न्हाय भाभी." तात्यांनी हात मागं घेतला आन धोतराला पुसला. "काहीच लागत न्हाय. साखर हाय मला. डाक्टर म्हणला, बोटांतल्या शिरा मेल्या. वर्ष झालं. हाताखाली लाकूड हाय का वीट हाय, कळत न्हाय."

"तात्या, मला सांगायचं न्हाय का?" रणजित म्हणाला.

"काय सांगायचं? बाप आता कामाचा राहिला न्हाय, हे? त्यापरीस म्हणलं, विक लेथ."

रणजित खाली बसला, तिथंच, ठिबकच्या बंडलावर. त्याला रडू आलं होतं आन ते तो लपवतबी नव्हता.

मग तात्या एकदम हसले. "आन भाभी, काठवट गोल असती का चौकोनी?"

"गोल," अम्मी म्हणाल्या.

"मग हे चारी कोपरे मी करवतीनं उडवणारच व्हतो की! तुमचा खळगा चुलीत गेला असता."

मला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. कालचा तो भुस्सा, तो गोंद, ते उन्हात धरून घासणं, आन सगळं कशासाठी, तर चुलीत जाणाऱ्या कोपऱ्यासाठी! अम्मी आधी हसल्या, मग रडल्या, मग दोन्ही एकदम. मी आपली दोघांवरबी चिडून उभी.

तात्यांनी हसणं थांबवलं. "पण तुमी सांगितलं. आता मला सांगणारंच माणूस पायजे. म्होरं कुठं खळगा आला तर सांगाल न्हवं?"

"सांगीन," अम्मी म्हणाल्या. "तुमचाबी सांगीन, माझाबी सांगीन."

हमालांनी लेथ उचलून टेम्पोत चढवला, भंगारच्या दुकानाऐवजी इंदापूरला जायचं म्हणल्यावर ड्रायव्हर थोडा कुरकुरला, पण तयार झाला. अम्मी आन मी मागं लेथला धरून बसलो. ड्रायव्हर गाडी चालू करणार, तेवढ्यात तात्या आतनं पटाशांची पिशवी घेऊन आले, टोपी सारखी केली आन पुढं ड्रायव्हरशेजारी चढून बसले.

"तात्या, कुठं निघाला?" रणजितनं विचारलं.

"कामाला," तात्या म्हणाले.

रणजितनं टेम्पोचं दार बाहेरनं नीट लावून दिलं.